क्वार्टरचे थकलेले भाडे आणि दारावरची नोटीस

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात पगार, बोनस आणि पेन्शन या विषयांवर चर्चा झाली. त्या मानाने आमच्याकडे आलेला विषय लहान वाटण्याचा संभव आहे. विषय आहे क्वार्टरचा. त्याच्या थकलेल्या भाड्याचा आणि त्यापायी दारावर चिकटवल्या जाणाऱ्या नोटिशीचा. परंतु शाखेच्या कचेरीत संध्याकाळी कोण येऊन बसते ते आठवून पाहा. निवृत्त होऊन वर्ष झाले तरी ग्रॅच्युइटी न मिळालेला ड्रायव्हर येतो. नवऱ्याच्या पश्चात दोन मुलांना घेऊन क्वार्टरमध्ये राहणारी ट्रॅकमनची विधवा येते. बदली झाली, पण मुलगी बारावीला म्हणून कुटुंब हलवता आले नाही, असा आर.एम.एस.मधला सॉर्टर येतो. तिघांच्याही हातात कागद एकाच प्रकारचा असतो, आणि बहुधा मुदत टळून गेल्यावर तो आपल्यापर्यंत पोहोचतो.

म्हणून आज आम्ही भाषणापेक्षा हिशेब जास्त मांडणार आहोत. हे थकलेले भाडे येते कोठून, कायदा काय म्हणतो आणि शाखेने काय करावे, हे तीन प्रश्न आपण क्रमाने घेऊ.

भाडे थकते कसे?

खाजगी चाळीतल्या भाडेकरूचे भाडे थकते ते हातात पैसा नसतो म्हणून. आपले तसे नाही. आपली लायसन्स फी पगारपत्रकातच कापली जाते, आणि क्वार्टर घेतले की घरभाडे भत्ताही बंद होतो. मग नियमित नोकरी करणाऱ्या माणसाच्या नावावर लाख-दोन लाखांची थकबाकी येते कशी?

ती येते नोकरीच्या वळणांवर. पहिले वळण बदलीचे. रेल्वेत बदलीनंतर साधारणपणे दोन महिने नेहमीच्या भाड्याने क्वार्टर ठेवता येते. त्यापुढे आजारपण किंवा मुलांचे शिक्षण या कारणासाठी परवानगी मिळाली, तर दुप्पट भाड्याने आणखी काही महिने मिळतात. दुसरे वळण निवृत्तीचे. तेथे चार महिने नेहमीच्या भाड्याने, आणि आजारपण वा शिक्षणाच्या कारणास्तव परवानगी मिळाल्यास पुढचे चार महिने दुप्पट भाड्याने, असा रेल्वेचा नियम आहे. टपाल खात्यात मुदती वेगळ्या आहेत, पण वाट हीच. तिसरे वळण मृत्यूचे, चौथे बडतर्फीचे. या प्रत्येक वळणावर एक तारीख ठरलेली असते. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून आपण त्याच घरात, त्याच खाटेवर झोपतो, पण कागदावर 'अनधिकृत ताबेदार' होतो. त्या दिवसापासून लायसन्स फी संपते आणि डॅमेज रेंट सुरू होते.

डॅमेज रेंट घराच्या क्षेत्रफळावर, चौरस मीटरच्या दराने आकारले जाते आणि ते लायसन्स फीच्या कितीतरी पट असते. एक उदाहरण घेऊ. हे आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर आपापल्या विभागाच्या परिपत्रकात पाहावेत. समजा, लायसन्स फी महिना ४०० रुपये आणि डॅमेज रेंट महिना १०,००० रुपये आहे. मुदत संपल्यावर कुटुंब अठरा महिने तेथे राहिले. जुन्या दराने देणे झाले असते ७,२०० रुपये. डॅमेज रेंटच्या दराने ते १,८०,००० रुपये होते. या अठरा महिन्यांत घरी कोणी वसुलीला येत नाही. निवृत्ताचे पगारपत्रक बंद झालेले असते, त्यामुळे कापलेला आकडा डोळ्यांसमोर दिसतही नाही. कर्ज वाढत असते आणि कर्जदाराला त्याचा पत्ता नसतो.

आणखी एक कारण सांगितले पाहिजे. काही वेळा चूक कचेरीची असते. बदलीच्या वेळी कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पोहोचत नाही, कपात मध्येच थांबते, विजेचे बिल दुसऱ्याच्या नावावर पडते, किंवा क्वार्टर रिकामे करून चावी दिली तरी पावती फाइलला लागत नाही. दहा वर्षांनी सेटलमेंटच्या वेळी हे सारे एकदम बाहेर येते. अशा प्रकरणात कामगाराने जपून ठेवलेली एक चिठ्ठी लाखाची ठरते.

नोकरीला बांधलेले घर

आता प्रश्न असा की, आपल्याला इतक्या घाईने बाहेर का काढता येते? याचे उत्तर एका शब्दात आहे. आपण भाडेकरू नाही, आपण लायसन्सधारक आहोत.

भाडेकरूला कायद्याचे संरक्षण मिळाले ते कामगारांच्या लढ्यातून. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जहाज आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. १९१५ साली तेथील हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. या लढ्यात कामगारांच्या बायका पुढे होत्या. गोव्हन भागातील मेरी बार्बर हे त्यांतील प्रमुख नाव. घराबाहेर काढायला माणसे आली की वाड्यातल्या बायका एकत्र येऊन त्यांना अडवीत. तेव्हा थकलेले भाडे कामगारांच्या पगारातून वसूल करावे म्हणून घरमालकाचा दलाल न्यायालयात गेला. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी अठरा भाडेकरूंची ती प्रकरणे सुनावणीला आली, तेव्हा कारखान्यांतले हजारो कामगार न्यायालयावर चालून गेले. खटले मागे घेतले गेले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर बांधून टाकली. पुढे १९१९ च्या गृहनिर्माण कायद्याने तेथील नगरपालिकांनी सरकारी मदतीने मोठ्या प्रमाणावर कामगारांसाठी घरे बांधायला सुरुवात केली. आपल्याकडेही १९१८ साली मुंबईत युद्धकालीन भाडे-नियंत्रणाचा कायदा आला, १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे.

या १९९९ च्या कायद्यात थकबाकीदार भाडेकरूला काय मिळते पाहा. घरमालकाने लेखी मागणीची नोटीस दिल्यावर नव्वद दिवस तो दावाच लावू शकत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सारी थकबाकी पंधरा टक्के व्याजासह न्यायालयात भरली आणि पुढे भाडे भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणासाठी त्याला घराबाहेर काढता येत नाही. म्हणजे कायदा असे म्हणतो की, पैशाचे देणे पैशाने फिटावे, त्यासाठी छप्पर जाऊ नये.

हे संरक्षण आपल्या क्वार्टरला नाही. सरकारी जागेला भाडे नियंत्रण लागू नाही, आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने अशोका मार्केटिंग प्रकरणात स्पष्टच केले की, सार्वजनिक जागांच्या बाबतीत भाडे नियंत्रण कायद्यापेक्षा निष्कासनाचा केंद्रीय कायदा वरचढ आहे. आपले घर नोकरीला बांधलेले आहे. नोकरीची गाठ सुटली की घराचीही सुटते.

घर मालकाच्याच हातात असणे म्हणजे काय, हे रेल्वे कामगाराला वेगळे सांगायला नको. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात हजारोंच्या संख्येने अटका झाल्या, आणि त्याच वेळी रेल्वे कॉलन्यांमधून संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढण्याचे प्रकारही झाले. बाप तुरुंगात आणि संसार रस्त्यावर, हे दृश्य त्या पिढीने पाहिले. क्वार्टर ही सोय आहे, पण वेळ आली की ती लगामही होते, हा त्या संपाचा धडा आहे.

कायदा काय म्हणतो

आपल्याला लागू असलेला कायदा आहे सार्वजनिक जागा (अनधिकृत ताबेदारांचे निष्कासन) अधिनियम, १९७१. त्यात २०१५ आणि २०१९ साली महत्त्वाचे बदल झाले आहेत. जुन्या अनुभवावर विसंबून 'काही नाही, वर्षभर तारखा पडतील' असे जे जाणते लोक सांगतात, त्यांचा सल्ला आता घातक आहे.

या कायद्याखाली प्रशासनातलाच एक अधिकारी एस्टेट ऑफिसर म्हणून नेमला जातो. नोटीस तोच देतो, सुनावणी तोच घेतो आणि हुकूमही तोच करतो. नेहमीचा मार्ग कलम ४ चा. त्यात कारणे दाखवा नोटीस निघते आणि उत्तरासाठी जास्तीत जास्त सात दिवसांची मुदत असते. नोटीस हातात देता आली नाही तर दारावर चिकटवली तरी ती बजावली असे धरले जाते. 'आम्ही गावी गेलो होतो' हे कारण चालत नाही. त्यानंतर कलम ५ खाली कारणे नमूद करून घर सोडण्याचा हुकूम होतो.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ३-ख घातले गेले. ते नेमके आपल्यासारख्यांसाठी आहे. नोकरीच्या किंवा ठरावीक मुदतीच्या लायसन्सवर मिळालेल्या राहत्या घरासाठी. येथे कारण दाखवायला फक्त तीन कामाचे दिवस मिळतात. या कलमाखालच्या हुकुमाला न्यायालयात आव्हान दिले, तर प्रकरण चालेपर्यंत दरमहा नुकसानभरपाईची रक्कम भरावी लागते. म्हणजे वेळ काढण्यासाठी न्यायालयात जाणे आता परवडणारे नाही.

थकलेले भाडे आणि डॅमेज रेंट यांची वसुली कलम ७ खाली होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यावर चक्रवाढ व्याज लागू शकते. शेवटचा उपाय म्हणून ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे. कलम १५ मुळे दिवाणी न्यायालयाचे दार बंद आहे. कॅटकडे जाऊ म्हणावे, तर २००० साली सर्वोच्च न्यायालयाने रसिला राम प्रकरणात निर्णय दिला की, या कायद्याखाली झालेला निष्कासनाचा हुकूम ही सेवाविषयक बाब नाही, सबब कॅटला त्यात अधिकार नाही. कलम ५ आणि कलम ७ च्या हुकुमांवर जिल्हा न्यायाधीशाकडे अपील होते, आणि त्याची मुदत आहे बारा दिवस. कलम ५ चा हुकूम असेल तर तो प्रसिद्ध झाल्यापासून, कलम ७ चा असेल तर तो बजावल्यापासून हे बारा दिवस मोजावेत.

कायदा कडक आहे, परंतु त्यात कामगाराच्या उपयोगाच्या चार गोष्टी आहेत. त्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असल्या पाहिजेत.

एक, कलम ७ खाली वसुलीचा हुकूम करण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते. दोन, ती रक्कम हप्त्यांनी भरण्याची सवलत देण्याचा अधिकार एस्टेट ऑफिसरला त्याच कलमात आहे, पण मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही. तीन, नुकसानभरपाई ठरवताना ताब्याचा हेतू आणि काळ, जागेचा आकार व दर्जा, ती भाड्याने दिली असती तर काय आले असते, या गोष्टी पाहाव्यात असे नियम सांगतात. ज्या क्वार्टरचे छत गळते, ज्याच्या संडासाला दार नाही, त्याचा दर्जा सुनावणीत मांडता येतो. फक्त त्यासाठी दुरुस्तीच्या तक्रारींच्या प्रती हाताशी हव्यात. चार, कलम १३ प्रमाणे मृताच्या वारसांची जबाबदारी मृताकडून त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. विधवा भगिनीला 'तुमचे सारे आयुष्य यात जाईल' असे सांगून घाबरवले जाते, तेव्हा हे कलम तिच्यापुढे ठेवा.

ग्रॅच्युइटीवरचा हात

आता सर्वांत दुखणारी गोष्ट. ज्याने तेहतीस वर्षे नोकरी केली त्याची निवृत्ती ग्रॅच्युइटी साडेसोळा महिन्यांच्या पगाराइतकी, सरकारने ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या आत होते. आयुष्यात एवढी एकरकमी रक्कम कामगार पुन्हा पाहत नाही. रेल्वे सेवा (पेन्शन) नियम, १९९३ च्या नियम १६ प्रमाणे निवृत्तीनंतर क्वार्टर रिकामे केले नाही, तर ही पूर्ण ग्रॅच्युइटी रोखून ठेवली जाते. परवानगीची मुदत उलटली की डॅमेज रेंट तिच्यातून वळते होते आणि उरलेली रक्कम घर सोडल्यावर परत मिळते. ती पुरली नाही, तर बाकी रक्कम पेन्शनरच्या महागाई सवलतीतून, त्याच्या संमतीशिवाय, कापता येते. त्याशिवाय १९८२ सालापासून रेल्वे बोर्डाच्या परिपत्रकाने अनधिकृत ताब्याच्या प्रत्येक महिन्यामागे निवृत्तीनंतरच्या पासचा एक संच जातो. टपाल खात्यात पेन्शनचे नियम वेगळे आहेत आणि रोखण्याची रीतही वेगळी आहे, परंतु घराचे देणे ग्रॅच्युइटीतून वळते करणे हे तत्त्व तेथेही आहे.

मराठी मुलखाबाहेर नोकरी केलेल्या आपल्या माणसाला हा फास जास्त आवळतो. खानदेशातला, विदर्भातला, मराठवाड्यातला माणूस तीस वर्षे इटारसी, रतलाम, बिलासपूर किंवा सिकंदराबाद येथे काढतो. गावी भावांच्या वाटण्या झालेल्या असतात. वाट्याला आलेली एक खोली पडकी असते. तो म्हणतो, ग्रॅच्युइटी आली की गावी दोन खोल्या बांधू आणि मग क्वार्टर सोडू. कचेरी म्हणते, क्वार्टर सोडा मग ग्रॅच्युइटी देऊ. घर बांधल्याशिवाय क्वार्टर सुटत नाही, क्वार्टर सुटल्याशिवाय ग्रॅच्युइटी मिळत नाही आणि ग्रॅच्युइटीशिवाय घर बांधता येत नाही. तो या चक्रात फिरत राहतो आणि ज्या पैशावर घर बांधायचे तो पैसा डॅमेज रेंटमध्ये विरघळत जातो. दोन वर्षांनी घर सोडतो तेव्हा बांधायला काही उरलेले नसते.

हे चक्र निवृत्तीच्या दिवशी तोडता येत नाही. ते दोन वर्षे आधी तोडावे लागते. नोकरीत असतानाच भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते, घरबांधणी अग्रिमाची योजना आहे. तेही जमले नाही तर निवृत्तीनंतर वर्षभर साधी खोली भाड्याने घ्यावी. खोलीचे भाडे जड वाटते, पण ते डॅमेज रेंटपेक्षा हलके असते आणि ग्रॅच्युइटी हातात आणून देते.

नोटीस आली तर

नोटीस आल्यावर काय करायचे ते आम्ही अगदी साध्या शब्दांत सांगतो. ते आपापल्या कॉलनीत जाऊन तसेच सांगा.

नोटीस घ्यायला नकार देऊ नका. ती घ्या, मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि त्याच दिवशी शाखेत आणा. प्रथम पाहायचे ते कलम कोणते आणि मुदत किती दिवसांची. उत्तर लेखी द्यावे, पोच घ्यावी. पोच देत नसतील तर नोंदणीच्या सेवेसह स्पीड पोस्टने पाठवावे. टपाल खात्यातल्या बांधवांना पोचपावतीचे महत्त्व आम्ही काय सांगावे!

उत्तरात भावनेपेक्षा तारखा असाव्यात. क्वार्टर कधी मिळाले, बदली वा निवृत्ती कधी झाली, मुदतवाढीचा अर्ज कधी दिला, त्याला उत्तर आले की नाही, कोणत्या महिन्यापर्यंत कपात झाली. हिशेबाचा तपशील महिन्यावार मागावा. जे देणे खरे आहे ते मान्य करावे, जे चुकीचे आहे ते कारण देऊन नाकारावे आणि मान्य रकमेसाठी हप्ते मागावेत. सरसकट सगळेच नाकारणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. घर कोणत्या तारखेला सोडू शकतो तेही लिहून द्यावे. निश्चित तारीख देणाऱ्याशी बोलणी करता येतात.

घर सोडताना चावी शेजाऱ्याकडे देऊन जाऊ नये. ताबा घेतल्याचा दाखला, विजेच्या मीटरचे शेवटचे वाचन आणि फिटिंगची यादी सहीनिशी घ्यावी. ज्या दिवसाचा दाखला, त्या दिवसापर्यंतचे भाडे. तोंडी सांगण्याला हिशेबात जागा नाही.

मुलगा किंवा मुलगी त्याच खात्यात नोकरीला असेल, तर क्वार्टर त्यांच्या नावावर करून घेण्याची तरतूद रेल्वेत आहे. पण त्यासाठी त्याने किमान सहा महिने आधीपासून परवानगीने एकत्र राहिलेले असावे लागते आणि त्या काळात घरभाडे भत्ता घेतलेला नसावा लागतो. निवृत्तीच्या आठवड्यात ही आठवण होऊन उपयोग नाही.

रांगेतला कामगार

येथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती आपण आपसातच बोलू शकतो. प्रत्येक अडवलेल्या क्वार्टरमागे यादीत नंबर लावून बसलेला एक कामगार असतो. तो नवा पॉइंट्समन असतो, नुकतीच रुजू झालेली पोस्टवुमन असते. रात्रपाळी करून तो शहराच्या टोकावरच्या भाड्याच्या खोलीत जातो. तोही आपलाच सभासद आहे. काही जण तर क्वार्टर दुसऱ्याला भाड्याने देऊन भाडे खातात. अशांची वकिली युनियनने करू नये.

म्हणून आपली भूमिका 'कोणालाही, कधीही काढू नका' अशी असू शकत नाही. आपली भूमिका अशी आहे की, घर सोडायची वेळ आली तर ते सन्मानाने आणि पुरेशा सूचनेने सुटावे, आणि घराच्या देण्यापायी माणसाच्या आयुष्याची पुंजी जाऊ नये. अडचणीतला माणूस आणि फायदा उपटणारा माणूस यांना प्रशासन एकाच तागडीत तोलते. तो फरक दाखवून देणे हे युनियनचे काम आहे.

शाखेने काय करावे

प्रत्येक शाखेने एक वही घालावी. पुढच्या दोन वर्षांत कोण निवृत्त होणार, त्यांतले क्वार्टरमध्ये कोण राहतात, कपात नियमित आहे की नाही, विजेचे बिल भरलेले आहे की नाही, गावी राहायची सोय आहे की नाही, एवढे त्यात लिहावे. दर तीन महिन्यांनी ती वही कार्यकारिणीपुढे यावी. कॉलनीत कोणाचा मृत्यू झाला तर तेराव्याची वाट न पाहता, पण घरच्यांचे दुःख जाणून, एका जाणत्या कार्यकर्त्याने आणि एका भगिनीने त्या घरी जावे आणि मुदतीची तारीख वहिनींना कागदावर लिहून द्यावी. रेल्वेत मृताच्या कुटुंबाला पुष्कळ जास्त काळ, साधारण दोन वर्षे, नेहमीच्या भाड्याने राहता येते. पण तो काळ अनुकंपा नोकरीची वाट पाहण्यातच संपतो, हे आपण पाहतो. त्या अर्जाचा पाठपुरावा आणि घराची तारीख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू नका.

प्रशासनापुढे पी.एन.एम.मध्ये आणि जे.सी.एम.मध्ये आपण चार मागण्या ठेवाव्यात असे आम्ही सुचवतो. पहिली, निवृत्तीपूर्वी तीन महिने प्रत्येकाला घर सोडण्याची तारीख, मुदतवाढीची सोय आणि पुढचे दर मातृभाषेत लेखी कळवावेत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका परिवहन कर्मचाऱ्याच्या प्रकरणात निवृत्तीपूर्वी तीन महिने सूचना द्यावी असे म्हटले आहे. दुसरी, मुदतवाढीच्या अर्जाला ठरावीक दिवसांत उत्तर द्यावे, आणि उत्तर येईपर्यंत डॅमेज रेंट सुरू करू नये. तिसरी, घर सोडण्याची लेखी हमी देणाऱ्याला ग्रॅच्युइटीचा काही भाग आगाऊ द्यावा, म्हणजे मघाशी सांगितलेले चक्र तुटेल. चौथी, कचेरीच्या चुकीने राहिलेल्या कपातीवर व्याज आणि दंड लावू नये; मूळ रक्कम हप्त्याने घ्यावी.

यांतली एकही मागणी खजिन्यावर मोठा बोजा टाकणारी नाही. क्वार्टर लवकर रिकामे होतील, रांगेतल्या कामगाराला घर मिळेल आणि निवृत्ताची पुंजी वाचेल. तिघांचेही हित त्यात आहे.

बंधू-भगिनींनो, ग्लासगोच्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी जे केले त्याचे मर्म इतकेच होते की, नोटीस एका दारावर लागली तरी ती साऱ्या वाड्याने वाचली. आपल्याकडे नोटीस लागली की माणूस लाजेने ती फाडून खिशात घालतो आणि शेजाऱ्यालाही सांगत नाही. भाडे थकणे ही लाज नाही; बहुतेक वेळा ती बदली, मृत्यू आणि निवृत्तीची किंमत असते. लपवलेली नोटीस मात्र तीन दिवसांत घर आणि वर्षभरात ग्रॅच्युइटी घेऊन जाऊ शकते. येथून परत गेल्यावर येत्या रविवारी आपापल्या कॉलनीत बैठक घ्या, वही घाला आणि पहिले नाव लिहा. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना ती वही बरोबर आणा. तिच्यावरूनच आपण पुढची चर्चा करू.

कामगार एकजुटीचा विजय असो!